तरुणांच्या हाती इतिवृत्ताची वही

नमस्कार, श्रोतेहो.

एखाद्या सहकारी संस्थेची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणा. व्यासपीठावर वर्षानुवर्षांचे तेच चेहरे, आणि तरुण मंडळी खुर्च्या मांडायला, माईक लावायला. सभा संपली की खुर्च्या उचलायलाही तीच. वर संचालक म्हणतात, "नवी पिढी पुढे येत नाही हो." येईल कशी? अहवालाचं पान उलगडून त्यांना कधी कुणी समजावलंय का?

१९४१ साली स्पेनमधल्या मोंद्रागोन या गावी होसे मारिया अरिझमेंडियारिएटा नावाचे तरुण पाद्री आले. यादवी युद्धातून देश नुकताच बाहेर पडला होता, हाताला काम नव्हतं. त्यांनी कारखान्याच्या आधी शाळा काढली. १९४३ मध्ये ही तंत्रशाळा सुरू झाली आणि तिथेच घडलेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये तिथला पहिला सहकारी उद्योग उभा केला. आज त्यातूनच वाढलेल्या सहकारी उद्योगांच्या समूहात सत्तर हजारांच्या आसपास माणसं काम करतात. पण मला त्या आकड्यापेक्षा मधली १३ वर्षं मोठी वाटतात. माणसं तयार होईपर्यंत थांबायची तयारी होती तिथे.

तसं पाहिलं तर सहकारात हे नवं नाही. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी दुकान काढलं, आणि पुढे वाढाव्यातला, म्हणजे खर्च जाऊन उरलेल्या रकमेतला, अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी बाजूला ठेवला. सहकाराच्या सात तत्त्वांमध्येही शिक्षण आणि प्रशिक्षण आहेच.

प्रश्न असा, की शिकवायचं काय? मी तरुणांची शिबिरं घेते. सुरुवातीला मीही नेतृत्वावर व्याख्यानं ठेवायचे. मुलं माना डोलवायची आणि घरी जायची. मग एकदा, नाव झाकून, एका संस्थेचा खराखुरा ताळेबंद सगळ्यांपुढे ठेवला. दोन दिवस गप्प बसलेली एक मुलगी बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. 'येणे बाकी'पाशी तिचं बोट थांबलं. "ताई, नफा दाखवलाय, पण ही रक्कम तर अजून हातात आलेलीच नाही. मग लाभांश कुठून वाटणार?" खोलीत सगळे एकदम सावरून बसले. त्यानंतर त्या शिबिरात मला फारसं बोलावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट इतिवृत्ताची. आम्ही एक खोटी सभा भरवतो आणि चार जणांना इतिवृत्त लिहायला बसवतो. चारही इतिवृत्तं वेगळी निघतात! एकाने विरोध करणाऱ्याचं म्हणणंच गाळलेलं असतं, दुसऱ्याने न झालेला ठराव मंजूर करून टाकलेला असतो. चौघांची पानं शेजारी शेजारी ठेवली, की आपल्याला न पटणारं म्हणणंही जसंच्या तसं लिहायचं म्हणजे काय, ते मुलांना कळतं. पुढे अध्यक्ष होणाऱ्याला हेच लागतं.

आणि संचालकांनो, एक कळकळीची विनंती. नुसती युवा समिती नेमून मोकळे होऊ नका. एका संस्थेत ती नेमली, पण तिला ना निधी होता, ना अधिकार. तिसऱ्या बैठकीला कुणी फिरकलं नाही. त्यापेक्षा एखादा छोटा विभाग वर्षभर खरोखर सोपवा, हिशेबासकट. चूक झाली तर सभेपुढे त्यांनाच उत्तर देऊ द्या. शेजारी जुना सचिव असू द्या, पण पेन त्यांच्या हातात हवं.

ती बोट ठेवून वाचणारी मुलगी आता सभासद आहे. परवा तिचा फोन आला. वार्षिक सभेत तिने थकबाकीबद्दल उपसूचना मांडली आणि ती पडली. बाजूने तीनच हात वर झाले होते. "पण ताई," ती म्हणाली, "इतिवृत्तात नोंदवून घेतलीय. पुढच्या वर्षी परत मांडणार."