भाजणी हरभऱ्यावर दळून आण
(मंडळाच्या मेलबर्नमधील दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला विषय दिलाय 'आठवणीतली दिवाळी'. या विषयावर बोलायला उभं राहिलं की काय काय म्हणायचं असतं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पहाटेचा गारवा, उटण्याचा वास, मोती साबण, पायाखाली फोडलेलं कारीट, दारातली रांगोळी. ते सगळं आमच्याकडेही होतं असं धरून चालू आणि वेळ वाचवू. मागे जेवण मांडून झालंय, मसालेभाताचा वास मला इथे माइकपाशी येतोय.

मी साताऱ्याची. मंगळवार पेठेत आमचं एकत्र कुटुंब होतं. आजी, आई, दोन काकू आणि दिवाळीला माहेरी आलेली आत्या. माझ्या आठवणीतली दिवाळी वसुबारसेला सुरू होते आणि भाऊबीजेला संपते. परवा आईशी फोनवर बोलताना कळलं की तिची दिवाळी दसरा झाला की लगेच सुरू व्हायची. माळ्यावरचे डबे खाली काढून घासायचे. डाळ-तांदूळ निवडायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे, मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. एवढं करून अनारसा तुपात हसला की आजी रडायच्या बेतात यायची.

माझ्याकडे काम एकच होतं, गिरणीचं. डबा हातात देताना आई बजावायची, "भाजणी हरभऱ्यावर दळून आण, गव्हावर टाकू देऊ नकोस." मग कुणाची तरी हरभऱ्याची डाळ दळायला येईपर्यंत मी पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर बसून राहायची. तेवढ्या कामाचीही कुरकुर करायची, ते वेगळं.

तर त्या फोनवर मी आईला विचारलं, "आई, तुला त्या दिवाळ्यांमधलं काय आठवतं गं?" मला वाटलं, पणत्यांचं काही सांगेल. ती म्हणाली, "पाठ." जरा थांबून म्हणाली, "आणि चहा. भाऊबीजेची जेवणं उरकली, पाहुणे पडले, की मागच्या पडवीत आम्ही तिघी जावा चहा घेऊन बसायचो. काहीही न करता. तो चहा आठवतो."

मंडळी, 'तिकडची दिवाळी ती खरी' असं आपण इथे दर वर्षी म्हणतो. मीही म्हणते. पण ती खाणाऱ्याची दिवाळी. करणारीची दिवाळी आपण कधी विचारलीच नाही, आणि तिला ती सांगायला सवडही नव्हती. आमच्या घरात वडिलांचं काम आकाशकंदील टांगण्याचं आणि चकली चाखून 'मोहन जरा जास्त झालंय' असं सांगण्याचं. तुमच्याकडे वेगळं असेल तर जेवताना मला जरूर सांगा, मी आनंदाने ऐकेन.

इथली दिवाळी कशी असते, ते या सभागृहात नव्याने सांगायची गरज नाही. ऐन वसंतात ती येते. ऑक्टोबरात घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात, त्यामुळे सूर्य मावळायला जवळपास आठ वाजतात आणि लक्ष्मीपूजनाला पणत्या लावेस्तोवर लहान मुलं पेंगुळतात. फटाके आपले आपण उडवायला कायद्याने बंदी, आणि त्याबद्दल मला काडीचंही दुःख नाही. भाऊबीजेला भाऊ साताऱ्यात पाटावर बसतो, मी इथून फोनपुढे ताम्हण ओवाळते. मध्ये साडेपाच तासांचं अंतर, त्याची दुपार आणि माझी रात्र. मंडळाची दिवाळी पंचांगावर नाही, शाळेचं सभागृह कोणत्या शनिवारी मोकळं आहे त्यावर ठरते. तुळशीची लग्नं आटोपल्यावरही आपण दिवाळी केलेली आहे. आणि धुराचा भोंगा वाजला, अग्निशमनाची गाडी आली, की बिल मंडळाच्या नावाने येतं. म्हणून आज स्टेजवरच्या या समया बॅटरीच्या आहेत.

पण गेल्या आठवड्यात टारनीटला एका घराच्या गॅरेजमध्ये आम्ही चार कुटुंबं चकल्या करायला जमलो होतो. भाजणी घरची, दळलेली मिक्सरमध्ये. गिरणी नाही, म्हणजे हरभऱ्यावर की गव्हावर हा प्रश्नच मिटला. सोऱ्या दाबायला जोर लागतो म्हणून पुरुषांना हाक मारली, ते आले आणि मग कढईपाशीच रेंगाळले. मोहन किती कडकडीत हवं यावर दोन जावयांमध्ये जो वाद झाला, तो आमच्या काकूंच्या तोडीचा होता. मुलांकडे कडबोळी वळायचं काम दिलं. तारांगणातले सगळे आकार त्यात निघाले. कोपऱ्यात खुर्चीवर दोन आजोबा बसले होते, एक कराडचे, एक वाईचे. दोघेही मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेले. दिवसभर घरात कुणी नसतं, गाडी चालवता येत नाही, बोलायचं कुणाशी? त्या दिवशी कृष्णेच्या पुरापासून जे सुरू झालं, ते चकल्या संपल्या तरी चालूच होतं. नंबर घेतलेत एकमेकांचे.

आता किल्ल्याबद्दल. माझ्या लहानपणच्या दिवाळीतला फराळ मला फक्त चवीपुरता आठवतो. किल्ला मात्र इंच न इंच आठवतो. विटा कुठून उचलल्या, गोणपाट कसं भिजवलं, माती कोणत्या चाळणीने चाळली आणि त्यावरून कोण ओरडलं, अळीव कुठे दाट उगवलं, तोफेचं तोंड कुणीकडे. कारण उघड आहे. तो आम्ही केला होता. घरातल्या मोठ्यांनी त्याला हात लावला नव्हता, आणि लावला असता तर आम्ही चालवून घेतलं नसतं.

इथे पश्चिमेकडच्या उपनगरांत राहणाऱ्यांनी अंगणात फावडं मारून पाहिलं असेल. काळी, चिकट माती, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्याखाली बसाल्ट आहे, लाव्ह्याचा दगड. मेलबर्नच्या जुन्या इमारती आणि गल्ल्या ज्या ब्लूस्टोनच्या आहेत, तोही हाच. आणि आपला सह्याद्री बसाल्टचाच. आपला दगड साधारण 6.5 कोटी वर्षांपूर्वीचा, इथला 50 लाख वर्षांच्या आतला, म्हणजे नात्याने नातवंडच म्हणायचं. त्या मातीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी यंदा अजिंक्यतारा उभा केला. पेरायला बिया भारतातून आणणं विमानतळावर महागात पडू शकतं, म्हणून इथल्याच दुकानातली मोहरी पेरली. छान उगवली. पोरांचं आपसात बोलणं बरंचसं इंग्रजीत चाललं होतं, पण तट, बुरूज, माची हे शब्द कुणी बदलले नाहीत. मला तेवढं चालतं.

म्हणून माझी आज एकच मागणी आहे. मुलांना नाचाला स्टेजवर उभं करतो, फोटो काढतो, ताट हातात देतो आणि घरी नेतो. त्याऐवजी त्यांना राबवा. पीठ मळू द्या, खुर्च्या मांडू द्या, भांडी घासू द्या. उद्या त्यांना दिवाळी आठवली तर ती त्यांच्या हातांनी केलेली असू दे.

आणि मोठ्यांसाठी. दाराजवळच्या टेबलावर पुढच्या वर्षीच्या कामांचा तक्ता ठेवलाय. मी मघाशी डोकावले. ध्वनिव्यवस्था आणि पार्किंग या रकान्यांत पुरुषांची नावं भरभरून आहेत. फराळाच्या रकान्यात एकाही पुरुषाचं नाव नाही, आणि गॅरेजमधले ते दोन जावई मला आत्ता तिसऱ्या रांगेत दिसतायत. पेन तिथेच बांधून ठेवलंय. जेवणाची रांग त्या टेबलावरूनच पुढे जाते, याची व्यवस्था मी केलेली आहे.

शुभ दीपावली.