मंग का झालं?

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गाजलेल्या कार्टूनपटांचे पुढचे भाग : पहिल्याची सर येते का?’ असं छापलंय. दोष समितीचा नाही, विषय मीच दिला. मे महिन्यात गावी गेलो होतो, तिथून तो डोक्यात घेऊन आलोय.

गाव ब्रह्मपुरीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला. धानाचा मुलूख. मे महिन्यात दिवसा कोणी उंबरा ओलांडत नाही, आणि रात्री घरात कोणी झोपत नाही. सगळ्यांच्या खाटा अंगणात. पुतण्यानं टीव्ही उचलून ओट्यावर मांडला, मी पेनड्राइव्ह दिला, आणि आजूबाजूची पंधराएक पोट्टी चटईवर येऊन बसली. चित्रपट इंग्रजीत, म्हणून पुतण्या बाजूला उभा राहून आमच्या बोलीत सांगत होता. ‘द लायन किंग’मधलं कारस्थान त्यानं एका वाक्यात उरकलं : “हा काका होय. धुऱ्यासाठी भांडते.” पुढं कोणाला काही समजवावं लागलं नाही. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भाऊबंद कुठवर जातात हे त्या पोरांना ठाऊक आहे.

तो चित्रपट १९९४चा. दुसऱ्या दिवशी त्याचा दुसरा भाग लावला, १९९८चा. हा थिएटरात न येता थेट व्हिडिओ कॅसेटवर आला होता. सिम्बाची मुलगी, हाकलून दिलेल्या सिंहांचा मुलगा, दोघांचं जमतं. वाईट नाही हो. पण आधी बाप राजा आणि पोर हट्टी, आता तोच हट्टी पोर बाप झालेला आणि त्याची पोरगी हट्टी. जाऊ नको म्हटलं तिकडेच जाणार. एक मुलगी म्हणाली, “आता पोरीची पाळी का?” आणि अर्ध्यात निम्मी चटई झोपली.

त्या काळी हा धंदाच झाला होता. ‘अलादिन’ १९९२चा, त्याचा पुढचा भाग १९९४मध्ये थेट व्हिडिओवर काढला, स्वस्तात केला आणि भरपूर खपला. मग काय, रांगच लागली. १९५०च्या ‘सिंड्रेला’लाही २००२मध्ये दुसरा भाग झाला, तीन सुट्या गोष्टी एकात शिवलेला. राजपुत्राशी लग्न झाल्यावर राजवाड्यातली मेजवानी नीट होते की नाही, हे कोणत्या पोरानं विचारलं होतं?

तुम्ही म्हणाल, तेच ते पुन्हा आवडतंच की लोकांना. आवडतं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. नाटक नवं असलं तरी विनोदी पात्र कधी येणार आणि बाई कुठं रडणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं, आणि ते आलं नाही तर तो पैसे परत मागेल. मीही मागेन. पण तिथं कोणी ‘मागच्या साली काय झालं ते पुढं सांगतो’ असा आव आणत नाही. पुढचा भाग म्हटलं की पुढचं काहीतरी सांगावं लागतं.

आणि काहींनी सांगितलंय. ‘टॉय स्टोरी’ १९९५चा. दुसरा भाग आधी व्हिडिओपुरताच ठरला होता, नंतर थिएटरसाठी घेतला आणि शेवटच्या साधारण नऊ महिन्यांत जवळजवळ नव्यानं बांधला. १९९९मध्ये आला. त्यात ती जेसी बाहुली सांगते, माझी मालकीण मोठी झाली आणि मला रस्त्याकडेच्या खोक्यात सोडून गेली. पहिल्या भागात दुसरं खेळणं आलं म्हणून हेवा होता. दुसऱ्यात प्रश्न आला, पोर मोठं झालं की आपलं काय? तिसरा भाग २०१०चा, त्यात खेळण्यांचा मालक अँडी खरंच कॉलेजला निघतो. १९९५ला सहा-सात वर्षांचं असलेलं पोर तोवर विशी ओलांडून गेलं होतं. ते पाहताना मी आमच्या मुलीपेक्षा जास्त रडलो, हे आमच्या घरी अजून सांगितलं जातं. चौथा निघाला २०१९मध्ये. मला तिसऱ्यावरच पोट भरलं होतं.

उलट ‘द इन्क्रेडिबल्स’. पहिला २००४, दुसरा २०१८. चौदा वर्षं गेली, पण गोष्ट पहिली थांबली त्याच ठिकाणी सुरू. पहिला पाहिलेली आमची पोरगी नोकरीला लागली, पडद्यावरचं बाळ अजून लंगोटातच. मजा आली, खोटं का बोलू. घरी येईपर्यंत विसरलोही.

आता ‘बॅम्बी’. तो १९४२चा, दुसरा भाग २००६चा, म्हणजे चौसष्ट वर्षांनी. मी नाक मुरडूनच लावला होता. पहिल्यात पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं जाते, थोरला नर बर्फातून येऊन त्याला घेऊन जातो, आणि पुढच्या क्षणाला वसंत ऋतू, पाखरं गात आहेत, पाडस मोठं झालंय. आदल्या रात्री तिथं चटईवरून एक पोरगा उठून बसला होता. “मंग का झालं? बाप बोलत होता का त्याच्यासंग?” पुतण्या गप्प. त्याच्या बोलीत त्याला उत्तर नव्हतं.

दुसरा भाग नेमका तिथंच शिरतो. आई गेल्यावरचा हिवाळा, लेकराशी काय बोलावं हे न कळणारा बाप. पाडसाला सांभाळायला दुसऱ्या हरिणीकडे द्यायचं तो ठरवतो. आमची पोट्टी झोपली नव्हती, तोंडं उघडी होती. आणि लाइट गेली.

अंधारात तोच पोरगा : “देते का गा थो त्याले?”

खाटेवरून माझी आत्या बोलली. वय झालंय, टीव्हीकडे पाठ करून पडली होती, चित्रपटातलं तिला ओ की ठो माहीत नव्हतं. “नाई देत रे बाबू. आपलं लेकरू कोनी देते का?” आणि मग तिनं सांगितलं, बाप त्याला रोज पहाटे वैनगंगेवर पाण्याला घेऊन जाते, आधी स्वतः वास घेते, मग त्याला पिऊ देते, आणि बोलत काही नाही. पोराला कळते सारं. मधे एक वाघ आला, एक मोहाचं झाड आलं, चांगला अर्धा तास चाललं.

लाइट आली, टीव्ही आपोआप सुरू झाला. पुतण्यानं विचारलं, उरलेला लावू का. पोट्टी चपला शोधत होती. “नको,” तो पोरगा म्हणाला, “झाला ना.”