बाथरूमची काच मध्यरात्री आपोआप कशी फुटली?

(हातात काचेच्या दाण्यांनी भरलेली बरणी)

खडीसाखर नाही ही. परवापर्यंत आमच्या बाथरूमचं पार्टिशन होतं. रात्री तीनला धाडकन आवाज झाला. धावत गेलो तर आत कोणीच नाही, फरशीभर नुसता हा सडा. आई म्हणाली, दृष्ट लागली. काच बसवणारा म्हणाला, "तुम्हीच काहीतरी आपटलं असणार." मला दोन्ही पटेना.

ही टफन काच. साधी काच सव्वासहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची आणि भट्टीतून निघताच दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारायचे. बाहेरचा थर लगेच घट्ट होतो. आतला गाभा मागाहून निवतो. त्यालाही आकसायचं असतं, पण कवच हलू देत नाही. म्हणून गाभा कायमचा ताणलेला आणि पृष्ठभाग कायमचा दाबलेला. काच फुटते ती वरचा बारीक चरा उघडत गेल्यामुळे. इथे तो चरा दाबूनच धरलेला असतो, म्हणून ताकद चार-पाच पट.

पण एखादी चीर त्या ताणलेल्या गाभ्यात शिरली की खेळ खलास. सेकंदाला साधारण दीड किलोमीटर वेगाने ती फाटत जाते आणि सगळ्या काचेचे दाणे होतात. बिजागरीची भोकं, कडांची घासाई हे सगळं म्हणूनच टफन करण्याआधी उरकतात. नंतर कापायला गेलात तर हातात हीच बरणी.

वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की हाच प्रकार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारा, ढिम्म. शेपटी मोडा, भुगा! १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यावर प्रयोग झाले होते.

मग आमच्या काचेला काय झालं? माझा पहिला संशय कडेवर. क्लॅम्पखाली रबर नसेल तर धातू कडेला टोचत राहतो. दुसरा संशय काच बनवतानाच तिच्यात राहून गेलेल्या निकेल सल्फाइड या अशुद्धीच्या बारीक कणावर. काच झटकन निवली की तो कण आपल्या गरम अवस्थेतल्या रूपात अडकून पडतो, मग महिनोन्‌महिने हळूहळू फुगतो आणि एके रात्री धाड! यावर 'हीट सोक' चाचणी असते: काच परत काही तास तापवायची, फुटायची ती बहुधा तिथेच फुटते. घरच्या कामाला ती कोण मागतो? मीही नव्हती मागितली.

दाणे बोथट असतात, म्हणून बाथरूमला टफन ठीक. पण डोक्यावरच्या छताला नुसती टफन लावणाऱ्यांना मी हात जोडतो. त्या दाण्यांचा ढेकूळ पडला तर कपाळमोक्षच. तिथे लॅमिनेटेड हवी, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली. फुटली तरी थराला चिकटून राहते. गाडीची पुढची काच तशीच असते.

मागची मात्र बहुतेक गाड्यांना टफन. संध्याकाळी पोलराइज्ड गॉगल लावून तिच्याकडे बघा, ठिपकेच ठिपके दिसतील. ते त्या हवेच्या झोतांचे ठसे.