फळ्यावरचं चित्र पुसा

श्रोतेहो, नमस्कार.

प्राथमिक शाळेत चित्रकलेचा तास सुरू झाला की पुष्कळ वर्गांत एकच गोष्ट घडते. शिक्षक फळ्यावर घर काढतात, शेजारी झाड, वर सूर्य, आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. तासाच्या शेवटी वर्गात जेवढी मुलं तेवढी घरं तयार होतात आणि सगळी एकाच घराची असतात. त्यातलं सर्वांत नेटकं चित्र निवडलं जातं, त्याला शाबासकी मिळते. आज मला या पद्धतीविरुद्ध बोलायचं आहे. मी हे शिक्षकांशी बोलतो आहे, आणि घरी मुलांच्या हातात रंगवायची पुस्तकं देणाऱ्या पालकांशीही.

मूल शाळेत येतं ते चित्रकार होऊनच येतं. रोडा केलॉग या संशोधिकेनं जगभरातल्या लहान मुलांची लाखो चित्रं गोळा केली आणि अगदी पहिल्या रेघोट्यांचेसुद्धा वीस मूळ प्रकार मांडले. आपल्याला जे नुसतं गिरगटणं वाटतं, त्यातून हळूहळू बंद वर्तुळ येतं. वर्तुळाला बाहेर किरणं फुटतात, त्यातले दोन किरण लांब होऊन पाय होतात. डोक्यालाच पाय असलेला तो माणूस तीन-चार वर्षांची मुलं कुणी न शिकवता काढतात. थोडं मोठं झाल्यावर मूल घर काढतं आणि भिंतीतून आतली माणसंही दाखवतं. टेबल काढलं तर त्याचे चारही पाय चार दिशांना पसरतात. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी याचं कारण सांगितलं: या वयातलं मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्या वस्तूबद्दल त्याला जे माहीत आहे ते काढतं. टेबलाला चार पाय असतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे, मग दोनच का काढायचे? चेंडू झेलणाऱ्या मुलाचे हात त्याच्या धडापेक्षा मोठे येतात, कारण त्या क्षणी सगळं महत्त्व हातांना असतं.

अशा मुलासमोर आपण फळ्यावर तयार घर ठेवलं की त्याचं हे सगळं विचार करणं थांबतं. आपलं घर चुकीचं आणि बाईंचं घर बरोबर, एवढंच ते शिकतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी छापील रंगवण्याच्या पुस्तकांना कडाडून विरोध केला तो याच कारणासाठी. छापील पक्षी रंगवून रंगवून मूल स्वतःचा पक्षी काढायला कचरू लागतं.

मग शिक्षकानं करायचं काय? नुसतं कागद-रंग देऊन बाजूला बसायचं का? तेही मला मान्य नाही. व्हिएन्नात १८९७ साली फ्रान्झ चिझेक यांनी मुलांसाठी कलेचा वर्ग सुरू केला आणि मुलांना मुलांसारखं वाढू द्या, असं जगाला सांगितलं. त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्या वर्गातली चित्रं एकमेकांसारखी दिसतात, हेही पुढच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं. शिक्षकाची आवडनिवड न बोलताही मुलांपर्यंत पोचते. म्हणून उघडपणे, विचार करून शिकवणं बरं.

माझ्या मते खरं शिकवणं होतं ते चित्र चालू असताना, शिक्षकाच्या बोलण्यातून. ‘छान!’ म्हटल्यानं मुलाला काहीच कळत नाही. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं तर आपलं चित्र ओळखू येत नाही एवढंच त्याला कळतं. त्यापेक्षा शेजारी बसावं, चित्राकडे नीट बघावं आणि जे दिसतं ते बोलावं: ‘इथे रेघ जोरात दाबलीस, तिथे अगदी हलकी. हा माणूस कुठे निघालाय? वारा कुठल्या बाजूनं येतोय?’ वाऱ्याचा प्रश्न विचारला की बऱ्याचदा मूल परत चित्राकडे वळतं आणि झाडाला वाकवतं. आपण रेघसुद्धा मारलेली नसते, आणि चित्र पुढे गेलेलं असतं. मुलाच्या कागदावर आपला हात चालवायचा नाही, हा नियम मात्र कडक पाळावा. काही दाखवायचंच असेल तर ते वेगळ्या कागदावर दाखवावं.

तंत्र शिकवायला अजिबात संकोच करू नये. पिवळ्यात निळा मिसळायचा, निळ्यात पिवळा नाही, कारण गडद रंगाचा थेंबसुद्धा फिका रंग बदलून टाकतो. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच रंग देऊन बघा, मुलं त्यातून किती हिरवे काढतात. मातीचा हात धडाला नुसता चिकटवला तर वाळल्यावर गळून पडतो. दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ चिखल लावला आणि दाबून बसवला, तर टिकतो. कात्रीनं गोल कापताना कात्री फिरवायची नसते, कागद फिरवायचा असतो. हे कळलेलं मूल निम्म्या रडारडीतून सुटतं.

आता डिझाइनबद्दल. प्राथमिक शाळेत डिझाइन कशाला, असं काही जण विचारतात. पण बालवाडीची कल्पना रुजवणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या साहित्यात लोकरीचे चेंडू, लाकडी गोळे आणि ठोकळेच होते. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्या आईनं हेच साहित्य १८७६ सालच्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात पाहिलं आणि मुलासाठी आणलं. त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांत राहिला, असं राइट पुढे आयुष्यभर सांगत.

डिझाइनचा तास वेगळा ठरतो तो एका प्रश्नानं: हे कुणासाठी? चित्र मुलाचं स्वतःचं असतं. पहिलीतल्या मुलासाठी पुस्तकखूण बनवायची असेल, तर आधी पहिलीत जाऊन त्या मुलाला विचारावं लागतं. तो पुस्तक कसं धरतो? खूण पडून का जाते? मग पहिली खूण बनते आणि ती बहुधा फार लांब होते. ती मुलाच्या हातात द्यायची, तो वापरताना गप्प राहून बघायचं, परत येऊन बदलायची. आठ वर्षांच्या मुलांना हे उत्तम जमतं. बिघडलेलं फेकून न देता जपायला सांगावं, कारण दुसरी खूण पहिलीपेक्षा का बरी झाली हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

कागदाच्या पुलाचा एक तास मी प्रत्येक शिक्षकाला सुचवीन. दोन बाकांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि साधा कागद आडवा टाका. त्यावर खोडरबर ठेवला की कागद लगेच वाकतो. आता विचारा, कागद तोच ठेवून काय बदलता येईल? कुणी तो दुहेरी करेल, कुणी गुंडाळी करेल, आणि कुणीतरी पंख्यासारख्या घड्या घालेल. घड्या पुलाच्या लांबीच्या दिशेनं असतील तर तोच कागद बरंच जास्त वजन पेलतो, कारण घडीमुळे कागदाला उंची येते आणि वाकायला जोर लागतो. घड्या आडव्या असतील तर पूल कोसळतो. हे कारण आपण मुलांना सांगायचं नाही. मुलांनी दोन्ही पूल शेजारी ठेवून भांडावं, पुन्हा घड्या घालाव्यात. या वादात आकार, साहित्य आणि उपयोग यांचं नातं मुलांना हातानं कळतं.

एक वय मात्र फार सांभाळायचं आहे. नऊ-दहाव्या वर्षी मुलांना चित्र खऱ्यासारखं हवं असतं. तसं येत नाही म्हणून ‘मला चित्र येत नाही’ म्हणत पुष्कळ मुलं कायमची थांबतात. त्यांना धीर देऊन भागत नाही, बघायला शिकवावं लागतं. खुर्ची समोर ठेवा आणि खुर्ची काढू नका म्हणावं, फक्त तिच्या पायांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढा. खुर्ची आपोआप उमटते. पिशवीत वस्तू ठेवून, न बघता चाचपून ती काढायला सांगा. एखादं पान घ्या, नजर त्याच्या कडेवरून सावकाश फिरवा, पेन्सिलही त्याच वेगानं चालू द्या, कागदाकडे बघू नका. रेघ वेडीवाकडी येईल, पण ती त्याच पानाची असेल.

शेवटी भिंतीबद्दल एक विनंती. निवडक नेटकी चित्रं लावू नका, सगळी लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. चित्राबद्दल मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत खाली लिहा. कोसळलेला पूलही शेजारी ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून त्याच्या घड्या मोजील. नमस्कार.