शिधापत्रिका गावात, माणूस तळावर

श्रोतेहो, नमस्कार.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती लागूही झाली. ‘आहात तिथेच थांबा’ हा आदेश साथ रोखण्याच्या दृष्टीने योग्यच होता. परंतु बीडकडून आलेला जो ऊसतोड मजूर त्या रात्री पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपीत होता, त्याची शिधापत्रिका गावी होती, म्हातारे आईबाप गावी होते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा केव्हाच संपली होती.

दोनच दिवसांनी केंद्र सरकारने दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देण्याची घोषणा केली, पण ती अन्नसुरक्षा योजनेच्या कार्डधारकांसाठी होती. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी वेगळी घोषणा व्हायला १४ मे उजाडला. मधल्या सात आठवड्यांत माणसे पायी निघाली होती. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने निघाले आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना त्यांच्यातले १६ जण मालगाडीखाली सापडले. लोकांनी धीर धरायला हवा होता, असे तेव्हा अनेक सुशिक्षितांच्या तोंडी होते. पोटात अन्न असलेल्याला तो सल्ला देणे सोपे जाते.

ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी राज्य सरकारने १७ एप्रिलला दिली. १९७९ च्या स्थलांतरित कामगार कायद्याचा आधारही त्यांना नव्हता, कारण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता, आणि बीडहून कोल्हापूरला जाणारा मजूर ती ओलांडत नाही.

पुढे २९ जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना ३१ जुलैपर्यंत सर्व राज्यांत लागू करण्यास सांगितले. कुटुंबातल्या एकाने कामाच्या ठिकाणी आपल्या वाट्याचे धान्य उचलावे आणि उरलेले घरच्यांना गावात मिळावे, ही सोय खरोखर मोलाची आहे. मात्र त्यासाठी रास्त भाव दुकानातल्या यंत्रावर अंगठा जुळावा लागतो, आणि हंगामभर कोयता चालवून झिजलेल्या बोटांचे ठसे जुळतीलच असे नाही. अशा वेळी दुकानदाराने काय करावे, हे पुढची साथ येण्याआधी प्रत्येक तळाजवळच्या दुकानात लिहून लावलेले असले पाहिजे.