तारीख बदलली आणि होंडा क्लासिक अडकली

हे फ्लोरिडातलं पाम बीच गार्डन्स, पीजीए नॅशनलचा चॅम्पियन गोल्फ कोर्स. पंधराव्या होलपाशी अस्वलाचा पुतळा दिसतोय ना, इथून पुढचे तीन होल म्हणजे ‘बेअर ट्रॅप’, दोन ठिकाणी तर बॉल सरळ पाण्यावरून मारायचा आणि त्यात वारा सुटला की भल्याभल्यांची भंबेरी उडते. 2012 ला रोरी मॅकिलरॉय इथेच होंडा क्लासिक ही गोल्फ स्पर्धा जिंकून जगात नंबर वन झाला, टायगर वुड्सने शेवटच्या दिवशी अवघ्या 62 फटक्यांत कोर्स संपवला तरी तो दुसराच राहिला.

एवढी भारी टुर्नामेंट, मग मागे का पडली? कोर्स तोच आहे, बदललं ते कॅलेंडर.

2019 ला पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेने, सगळं शेड्यूल हलवलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकन फुटबॉल सुरू झालं की टीव्हीवर गोल्फ बघणार कोण, म्हणून सीझन ऑगस्टमध्येच संपवायचं ठरलं, त्यासाठी ऑगस्टची पीजीए चॅम्पियनशिप मेमध्ये आणली आणि मेमधली प्लेयर्स ही दुसरी मोठी स्पर्धा मार्चमध्ये. त्या वर्षी होंडाच्या आधी मेक्सिकोची मोठी स्पर्धा, नंतर लगेच आर्नोल्ड पामरच्या नावाची स्पर्धा, तिला लागून प्लेयर्स. खेळाडू दर आठवड्याला थोडीच खेळणार, कुठेतरी सुट्टी घेणारच, आणि ती बरोबर होंडाच्या आठवड्यात!

2023 ला तर पार सँडविच झालं. आधी फिनिक्स आणि जेनेसिस या स्पर्धा, नंतर आर्नोल्ड पामर, तिन्हीकडे बक्षिसाची रक्कम 2 कोटी डॉलर, पुढे प्लेयर्स अडीच कोटींची, आणि मधे होंडाकडे 84 लाख. टूरचे कितीतरी स्टार शेजारच्या ज्युपिटरमध्ये राहतात, कोर्स घराजवळ, तरी बरेच जण आले नाहीत. जे आले ते जीव तोडून खेळले हं, क्रिस कर्क बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये जिंकला, 2015 नंतर पहिल्यांदा. पण स्पॉन्सरला मोठी नावं लागतात, आणि इथला पैसा गोल्फचा दिग्गज जॅक निकलस आणि त्याच्या बायकोच्या फाउंडेशनमार्फत लहान मुलांच्या उपचारांसाठी जातो, म्हणून हे जास्त लागतं.

1982 पासून स्पॉन्सर म्हणून साथ देणारी होंडा 2023 नंतर बाहेर पडली. 2024 ला तिच्या जागी कॉग्निझंट ही आयटी कंपनी आली, हो तीच, जिच्यात पुण्यातली आपली कितीतरी पोरं काम करतात. नाव नवीन, पण पुढचे दोन आठवडे तेच, आर्नोल्ड पामर आणि प्लेयर्स. टूरने निदान तारखा तरी आलटून पालटून द्याव्यात, दरवेळी एकाच गावाने का सोसायचं?