चष्म्याविना त्रिमिती व्हिडिओ: पडदा दोन डोळ्यांना वेगळं चित्र कसं दाखवतो

[दृश्य: पडद्यावरचे पिक्सेलचे उभे स्तंभ, खूप मोठे करून]

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. म्हणून समोरचं दृश्य प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं दिसतं, आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. त्रिमिती व्हिडिओत हीच दोन चित्रं असतात. चष्मा ती डोळ्यांपाशी वेगळी करतो. चष्मा नको असेल, तर हे काम पडद्यालाच करावं लागतं.

यातली जुनी रीत पॅरॅलॅक्स बॅरिअरची. फ्रेडरिक आइव्हज यांना तिचं पेटंट १९०३ मध्ये मिळालं. पिक्सेलचा एक स्तंभ डाव्या चित्राचा, पुढचा उजव्या चित्राचा, आणि त्यांच्यासमोर उभ्या फटींचा पातळ थर. फटीतून प्रत्येक डोळ्याला आपलाच स्तंभ दिसतो, शेजारचा झाकला जातो.

[दृश्य: फट, दोन स्तंभ आणि दोन डोळे जोडणाऱ्या रेषा]

इथे मापं फार काटेकोर लागतात. पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा आणि डोळे ३२५ मिलिमीटरवर असतील, तर फटींचा थर पिक्सेलपासून ०.५ मिलिमीटरवर हवा. मधे काच असेल तर सुमारे ०.७५. दोन फटींमधलं अंतर दोन पिक्सेलएवढं, म्हणजे ०.२ मिलिमीटर ठेवून मात्र चालत नाही. ते ०.१९९७ लागतं. फरक नगण्य वाटतो, पण ४०० फटींमध्ये तो साचून एका पिक्सेलपेक्षा मोठा होतो. मग पडद्याच्या एका कडेला चित्र नीट जुळतं आणि दुसऱ्या कडेला डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला दिसू लागतं.

बॅरिअर निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो, आणि आडवे पिक्सेलही दोन डोळ्यांत वाटले जातात. २०११ च्या निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरायच्या गेम-यंत्राच्या वरच्या पडद्यावर आडवे ८०० पिक्सेल होते. त्रिमितीत प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ४०० आले. फटींऐवजी बारीक उभी भिंगं बसवली, की प्रकाश वाया जात नाही. हलवल्यावर चित्र बदलणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर असतात तशीच ही लेंटिक्युलर भिंगं. ती किंचित तिरकी लावली, तर पडद्यावर काळे पट्टे उमटत नाहीत.

आता पाहणाऱ्याच्या बाजूने. पडद्याच्या अगदी समोर, ठरलेल्या अंतरावर बसा आणि डोकं सरळ ठेवा. कडांना दुहेरी सावली दिसली, तर एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात मिसळतंय. डोकं थोडं डावी-उजवीकडे सरकवा. मागच्या वस्तू पुढे आल्यासारख्या वाटल्या, तर दोन्ही चित्रांची अदलाबदल झाली आहे. दोनच दृश्यांच्या पडद्यावर साडेसहा सेंटिमीटर बाजूला सरकलं, तरी नेमकं हेच होतं. मधोमध बसूनही तसंच दिसत असेल, तर प्लेअरमध्ये डावं-उजवं बदला. आणि माणसं उभट किंवा बसकी दिसली, तर ‘हाफ’ आणि ‘फुल’ साइड-बाय-साइडची (म्हणजे दोन्ही चित्रं एकाच फ्रेममध्ये शेजारी-शेजारी) निवड चुकली आहे. १९२० पिक्सेल रुंदीच्या ‘हाफ’ फाइलमध्ये प्रत्येक चित्र ९६० पिक्सेलमध्ये दाबलेलं असतं. ते परत ताणावं लागतं.

कॅमेऱ्याने डोळ्यांचा माग घेऊन चित्र त्यांच्यामागे सरकवणारे पडदे हा खरा पुढचा टप्पा आहे. २०२० चा सोनीचा १५.६ इंची पडदा तसा आहे, पण तो एका वेळी एकाच माणसासाठी.

खास पडदा नसेल, तरी साइड-बाय-साइड व्हिडिओ साध्या फोनवर पाहता येतो. फोन आडवा धरला, की बहुतेक मोठ्या फोनवर दोन चित्रांचे मध्य सात सेंटिमीटरहून लांब जातात, आणि डोळे तितके बाहेर वळत नाहीत. म्हणून व्हिडिओची एकूण रुंदी १२ सेंटिमीटरपर्यंत आणा. फोन ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरा आणि नजर फोनच्या पलीकडे, दूर लावल्यासारखी सैल सोडा. चित्रं तीन दिसू लागतील. मधल्या चित्रात खोली असते. ते स्पष्ट व्हायला थोडा वेळ लागतो, कारण डोळे लांब वळलेले असताना फोकस मात्र जवळ ठेवायचा असतो. डोळे दुखू लागले, तर लगेच थांबा.